स्पंदनपाटीवरचं बदक

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या बत्तीस बिऱ्हाडांनी त्या शनिवारी सकाळी एकमताने ठरवलं की, पुनर्विकासाला बिल्डर कोणता घ्यायचा हे श्रुतिकाला विचारावं. श्रुतिका पहिल्या मजल्यावरची, सतरा वर्षांची. जन्मात एक शब्द बोललेली नाही. शर्टाचं बटण लावायला शिकायला तिला दोन वर्षं लागली.

सोसायटीच्या ऑफिसात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध टेबल, टेबलावर अक्षरं छापलेली 'स्पंदनपाटी', पाटीसमोर श्रुतिका आणि तिचं उजवं मनगट धरून परेशजी. खाली लेंगा, वर कोट. म्हणजे अर्धे गुरू, अर्धे डॉक्टर. गेले सहा आठवडे ते तिचा हात धरून पाटीवर तिला 'बोलतं' करत होते. श्रुतिकाचं बोट अक्षरांवरून सरकत होतं आणि सेक्रेटरी भिकाजीराव मोठ्याने वाचत होते.

"घा... ई... न... को. घाई नको! अहाहा! आपल्या कमिटीत एवढी अक्कल आहे का कुणाला?"

ते खरंच होतं, म्हणून कुणी हसलं नाही.

मी माणिक, दुसऱ्या मजल्यावरची. घाटकोपरच्या एका शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. तिथे एक सवय जडली. कुणी 'आपोआप झालं' म्हटलं की आधी हात कुणाचा लागला ते बघायचं.

"अहो, ती तर पंख्याकडे बघतेय," मी म्हटलं. "न बघता अक्षर कसं सापडतं?"

"ताई, डोळा फक्त प्रकाश बघतो," परेशजी गोड हसले. "स्पंदन पेशी बघते. पेशीला क्वांटम मेमरी असते. मी काहीच करत नाही. मी फक्त वायर आहे."

"मग प्लग कुठाय?"

"माणिकमावशी, गप ना यार!" मागून शेजारची ऋतिका ओरडली. तिला बारावीचे टक्के विचारायचे होते.

एवढ्यात श्रुतिकाने हात ओढून घेतला आणि स्वतःच्या मनगटाला चावली. परेशजींनी हात पुन्हा पकडला. "ऊर्जेचा झटका," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पाटीवर आलं, 'शाळा नको. मला कर्जतला ने.' कर्जतला परेशजींचं निवासी केंद्र होतं. गाडी उद्याच येणार होती.

आता तुम्ही म्हणाल, घर अडाणी असेल. मुळीच नाही. श्रुतिकाच्या आजोबांनी, नानांनी, उभ्या आयुष्यात कुणाचा अंगारा कपाळाला लावून घेतला नाही. घरात बाबासाहेब आणि बुद्ध, तिसरी तसबीर नाही. अंगात येणाऱ्या बायकांना नाना तोंडावर सांगायचे, "बाई, डॉक्टरकडे जा." परेशजींनी ते घर बरोबर ओळखलं. अगरबत्ती नाही, हार नाही, पाया पडणं नाही. लॅपटॉपवर मेंदूचं रंगीत चित्र. "नाना, आपण विवेकवादी माणसं. श्रद्धा ठेवू नका, डेटा बघा." झालं! जन्मभर बुवांना हाकलायला दारात उभा राहिलेला माणूस बाजूला सरला आणि त्याने बुवाला बसायला खुर्ची दिली.

श्रुतिकाच्या आईचं, नमिताचं, वेगळं होतं. पहिल्याच बैठकीत पाटीवर आलं होतं, 'आई, तू दमतेस.' सतरा वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. शेजारी राहून मीही नाही. तेव्हा ती जी रडली, तिला मी हसू शकले नाही.

पण कर्जतचं ऐकून माझं डोकं फिरलं. तडक रिक्षा केली आणि मुलुंडला श्रुतिकाच्या विशेष शाळेत गेले. तिच्या शिक्षिका तेजल कपाटं आवरत होत्या. मी सगळं सांगितलं.

"हात तर आम्हीही धरतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "बटण लावायला शिकवताना आधी हातावर हात. मग नुसतं मनगट. मग कोपर. मग फक्त बोटाने खूण, आणि शेवटी काहीच नाही. तिने हात ओढला तर लगेच सोडायचा. मदत रोज थोडी कमी करायची, हेच आमचं शिकवणं. श्रुतिका आता लिंबू सरबत करते, मी लांब उभी असते. तुमचे परेशजी कुठे धरतात?"

मी आठवून पाहिलं. "सहा आठवड्यांपूर्वी कोपर धरायचे. आता मनगट."

"म्हणजे मदत वाढतेय. मग शिकतंय कोण?"

"पण ते ढकलताना दिसत नाहीत हो."

तेजलबाईंनी कागदावर अक्षरं लिहिली, डोळे मिटले आणि हात सैल सोडून माझ्या हाती दिला. "तुमच्या मिस्टरांचं नाव मनात आणा. माझा हात मुद्दाम हलवू नका." त्यांचं बोट सरकत सरकत गेलं. ग, ण, प, त. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मी हलवलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. आणि तरी हलवलं मीच होतं, कारण त्या खोलीत ते नाव माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला गाडी आली. श्रुतिकाची बॅग भरलेली होती. ऑफिसात बिऱ्हाडं पुन्हा जमलीच होती. माझ्या निरोपावरून तेजलबाई तिथे आल्या आणि परेशजींना म्हणाल्या, "सर, तुमच्या पद्धतीचा अहवाल लिहायचाय." परेशजी फुलले. बाईंनी टेबलावर मधोमध पुठ्ठा उभा केला. एका बाजूचं चित्र श्रुतिकाला दिसे, दुसऱ्या बाजूचं परेशजींना. पाटी दोघांच्या पुढ्यात.

पहिल्यांदा पाटीवर आलं 'घर'. दोघांकडे घरच होतं. टाळ्या! दुसऱ्यांदा 'मगर'. दोघांकडे मगर. भिकाजीरावांनी शिट्टी मारली. तिसऱ्यांदा बोट फिरलं, ब, द, क. तेजलबाईंनी पुठ्ठा उचलला. परेशजींसमोर बदक होतं. श्रुतिकासमोर कप.

चौथ्यांदा पाटीवर फणस आला. श्रुतिकाला दाखवलं होतं नख.

परेशजी क्षणभर गडबडले, मग त्यांनी दोन्ही हात उंचावले. "बघितलंत? मुलगी माझ्या मनातलं वाचते! टेलिपथी!"

"अरे वा!" भिकाजीराव पुन्हा टाळी वाजवणार, तेवढ्यात ऋतिका परेशजींना म्हणाली, "काका, मग आतापर्यंत सगळं तुमच्याच मनातलं आलं ना? कर्जतचं पण?"

खोलीत कुजबुज सुरू झाली. नाना काठी टेकत उठले. "डेटा बघा म्हणालात ना? आता डोळे मिटून लिहा."

सगळ्यांदेखत नाही म्हणायची सोय नव्हती. परेशजींनी डोळे मिटले. पाटीवर आलं ठ, ठ, ङ, आणि मग टेबलाची कड.

"ङ नावाचा बिल्डर कोणता?" भिकाजीरावांनी वहीतून मान वर न करता विचारलं.

मग जे हसू फुटलं ते खाली गाडीपर्यंत ऐकू गेलं असेल. "संशयाने स्पंदनं गढूळ होतात," असं पुटपुटत परेशजी उठले. नानांनी त्यांना दार दाखवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

नमिता मात्र हसली नव्हती. "मग 'आई, तू दमतेस'... ते?"

"ते तिने लिहिलं नव्हतं, ताई," तेजलबाई म्हणाल्या. "खोटं कसं सांगू?"

"मग कशाला आलात तुम्ही?" नमिता ओरडली. "तेवढंच होतं हो माझ्याकडे!"

तेजलबाईंनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या, एका बाजूला ती पाटी, दुसऱ्या बाजूला शाळेचं दप्तर. "आता तिलाच विचारू. कुणी हात लावायचा नाही, कुणी बोलायचं नाही. तिला वेळ लागतो."

बत्तीस बिऱ्हाडं गप्प राहण्याचा आमच्या इमारतीच्या इतिहासातला तो पहिला प्रसंग. श्रुतिका पंखा बघत राहिली. नमिताचा हात पुढे गेला. तेजलबाईंनी तो अलगद मागे घेतला. मिनिटभराने श्रुतिकाने दप्तर उचललं.

"एकदा विचारून काही ठरत नाही," तेजलबाई म्हणाल्या. त्यांनी जागा बदलून पुन्हा विचारलं. पुन्हा दप्तर. तिसऱ्यांदा श्रुतिकाने पाटी ढकलून दिली, दप्तर खांद्याला लावलं आणि जाऊन दाराशी बसली, शाळेच्या बसची वाट बघत. रविवार होता हे तिला समजावायला कुणाकडे शब्द नव्हते. नमिता उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. दुपारी एकपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या.

बाबांनो, सहा आठवडे ती पोर हात ओढत होती, चावत होती. आम्ही शिकलेसवरलेले लोक त्याला ऊर्जा म्हणत होतो. बुवा कोट घालूनही येतो. कुणी म्हणालं की मी हिच्या वतीने बोलतो, तर त्याला आधी हात काढायला सांगा. मग गप्प बसा आणि थांबा. सतरा वर्षं आम्ही तेवढंच केलं नव्हतं.