बाणावरचं कुंकू

आमच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरचं तेल माळशेज घाटात लई तापायचं. म्हणून जुन्नरच्या इस्माईल मिस्त्रीनं तेलाचा कूलर आणि नळीत फिल्टर बसवला. गाडी चालू केली, तरी कूलर थंडगार! त्याच्यात गरम तेल फिरतच न्हवतं.

“फिल्टर उलटा बसवलाय तुमी!” मी भडकलो.

“बाण दिसला तर ना, राव!” मिस्त्रीही तापला. त्यानं फिल्टर काढून माझ्या नाकासमोर धरला. तेलाची दिशा दाखवणारा बाण आमच्या आईनं बसवायच्या आधी पूजा करताना हळदकुंकवानं पार लिंपला व्हता!

पुसून सुलटा बसवला. तेल फिरलं, कूलर गरम! माळशेज उतरून पुन्हा दणक्यात चढलो, तेल तापलंच न्हाई! मी आनंदानं हॉर्नच वाजवत सुटलो.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, “बघ, पूजेचा गुण!”