ड्रायव्हरच्या पाठीमागचा पत्रा

रॉयस्टननं जन्मभर भंगाराचा धंदा केला. आमच्या हॅगवर्थ गावच्या बारा डबलडेकर बसपैकी अकरा त्याच्याच वखारीत कापल्या गेल्या. असा माणूस म्हातारपणी उरलेली बारावी दुरुस्त करायला फुकट राबतो म्हणाला, तेव्हा ती जुनी बस हौसेनं दुरुस्त करणाऱ्या आमच्या शेडमधल्या सगळ्यांनी त्याला चहा पाजला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. मांजर दुधाची राखण करायला आलंय, असं मी डिलिसला म्हटलंही.

"तुला काय, सगळेच चोर दिसतात," डिलिस म्हणाली. शेडमधला चहा-केक तीच बघते. साठ वर्षांपूर्वी माझा नवरा विल्फ हीच बस चालवायचा आणि ती त्याची कंडक्टर होती.

विल्फला जाऊन चार वर्षं झाली. त्याच्या हातचं म्हणावं असं एकच काहीतरी उरलं होतं, ते केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर. शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं थांबावं लागे, तेव्हा ड्रायव्हर पेनीच्या नाण्याच्या कडेनं तिथं आपलं नाव कोरत. नंतर कुणीतरी वर तपकिरी रंग फासला. तो काढायचा, पण खालची अक्षरं जशीच्या तशी ठेवायची, यासाठी मी शेडच्या कमिटीत कडाकडा भांडले. बाकीच्यांना बस कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखी कोरी हवी होती. डिलिसनंसुद्धा माझ्याविरुद्ध हात वर केला. तरी मी जिंकले आणि रंग घासायचं काम रॉयस्टनकडे गेलं.

शनिवारी बघते तर पत्रा गायब. स्क्रूची चार भोकं तेवढी उरलेली.

"धुवायला काढलाय," रॉयस्टन म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

धुवायला म्हणे. मोरीजवळ नव्हता, बाकाखाली नव्हता. असल्या जुन्या वस्तू विकत घ्यायला हौशी लोक टपलेलेच असतात. जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या गाडीकडे निघाला, तशी मी काठी टेकत मागोमाग गेले.

"डिकी उघड."

"मिसेस हार्गेट, गारठा आहे. आत जा तुम्ही."

"उघड, नाहीतर कमिटीला बोलावते."

त्यानं उघडली. टॉवेलात गुंडाळलेला पत्रा, आणि शेजारी त्याच मापाचा एक नवा.

"वा रे वा. जुना पळवायचा आणि खोटा बसवायचा?"

"तुम्ही बघू नये म्हणून केलं," तो हळूच म्हणाला.

मी टॉवेल ओढला. तिसरं नाव विल्फचं. त्याचं अक्षर मी अंधारातही ओळखलं असतं. त्याच अक्षरात खाली 'डिलिस', दोघांभोवती बदाम, आणि साल १९६३. आमचं लग्न एकसष्टचं.

 रागापेक्षा लाज जास्त वाटली. जन्मभर शेजारपाजारच्या पाली ऐकल्या, घरातली एकदाही ऐकू आली नाही.

"डिलिसला माहीत आहे?"

"त्यांनीच काढायला सांगितला. नव्या पत्र्यावर मी सगळ्या ड्रायव्हरांची नावं कोरतो, तुमच्या मिस्टरांच्या खालचं तेवढं सोडून. कुणाला कळायचं नाही."

"जुनाच बसव. आणि त्याला रंगाचा थेंब लावू नकोस."

तेवढ्यात शेडच्या दारातून डिलिसची हाक आली. "एनिड, चहा गार होतोय गं. दोन चमचे साखर घातलीय."

"आले," मी म्हटलं. "डिलिस, रविवारी बसच्या पहिल्या फेरीला मी लोकांना केबिनमधला पत्रा दाखवणार आहे. तू शेजारी उभी राहा. नावं तूच मोठ्यानं वाच, माझा चष्मा जुना झालाय."