नळी तोंडात असताना

आमच्या ह्यांची छाती किती दणकट आहे ते बघायचं असेल, तर सकाळी कारखान्यात यायचं, असं ह्यांचं म्हणणं. भट्टी तापली की दिवसाचा पहिला फुगा हेच काढतात. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि फुंकत फुंकत तो इतका पातळ करायचा, की काचेत खडा राहिलाय का ते आरपार दिसावं. मग तो फोडून टाकायचा आणि कामाला लागायचं. आम्ही दिव्यांच्या काचा करतो. हे फुंकतात, माझे दीर वाळू आणि भट्टी सांभाळतात, मी काचा पुसून, कागदात गुंडाळून खोक्यांत भरते. तर तो फुगा कलिंगडाएवढा झाला, की हे नळी खाली ठेवून माझ्याकडे बघतात. म्हणजे मी हार मानावी. याच माणसाला आंघोळ करून आल्यावर पलंगाच्या कडेला बसावं लागतं आणि शर्टाची बटणं लावताना मध्येच दोनदा थांबावं लागतं. ते बघायला मी एकटीच असते.

खोकला तर विचारूच नका. ह्यांच्या मते तो खोकला नव्हेच, ती धंद्याची खूण. काचेच्या कामात ज्याला खोकला नाही, तो कारागीर कसला?

मी सगळं सहन केलं असतं, पण लेकीचं काय करू? ती पलीकडच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. नात रांगायला लागली, तरी आजोबांनी तिचं घर पाहिलेलं नाही. विचारलं की गुडघा दुखतो म्हणतात. गुडघा ठणठणीत आहे. दिवसभर भट्टीपुढे त्याच गुडघ्यावर उभे असतात. पण जिना चढताना दम लागतो, हे चारचौघांत दिसेल ना. लेक बिचारी पोरीला कडेवर घेऊन खाली उतरते. मागच्या वेळी जाता जाता मला हळूच म्हणाली, "आई, मुलगी झाली म्हणून बाबांना आवडलं नाही का गं?"

माझ्या काळजाचं पाणी झालं. खरं सांगावं, तर ह्यांनी शपथ घातलेली. मी आपली काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि घरी येऊन भांडी आपटली.

त्यात आमच्या भावजींची डॉक्टरकी. "वहिनी, दादाने आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही. छातीचा आजार होईलच कसा?" म्हणजे वाळूची धूळ आणि भट्टीचा धूर छातीत शिरताना आधी सिगारेट आहे का बघतात. शिवाय भावजींचा दुधावर फार विश्वास. संध्याकाळी पेलाभर दूध प्यायलं की दिवसभराची धूळ धुऊन निघते म्हणे. दूध जातं पोटात, धूळ बसते छातीत, हे सांगून सांगून माझ्या नाकी नऊ आले. दोघे भाऊ दूध पितात, ओठ पुसतात आणि निर्धास्त झोपतात. शेजारीण आणखी पुढची. ह्यांचा खोकला ऐकून तिने मला ह्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवायचा सल्ला दिला. एकाच्या मते काही झालेलंच नाही, दुसरीला साथ आल्यासारखं वाटतंय, आणि मधे मी.

शेवटी मी खोकी भरणं बंद केलं. काचा फळीवर साचल्या, पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा हे डॉक्टरीणबाईंकडे यायला कबूल झाले.

तिथे त्यांना एका यंत्रात फुंकायला सांगितलं. ह्यांचा चेहरा काय खुलला. बाह्या सरसावल्या, गाल फुगवले आणि अगदी संथ, एका लयीत फुंकलं. वर डॉक्टरीणबाईंकडे असं बघितलं, की त्या आता टाळ्याच वाजवणार.

"काका, हे गालांचं काम झालं," त्या म्हणाल्या. "मला छातीतलं हवंय. पूर्ण श्वास भरून घ्या आणि एका झटक्यात सगळा बाहेर."

"फुंकायला मला शिकवू नका."

"काच फुंकायला नाही शिकवत. करा."

दुसऱ्या वेळी झटका अर्ध्यावर तुटला आणि खोकल्याची उबळ आली. तिसऱ्या वेळीही तेच. मग बाईंनी शांतपणे सांगितलं. काचेचा फुगा काढायला हवा फार लागत नाही, गालांतली थोडी थोडी पुरते. फुगा तुमच्या हाताचं कसब दाखवतो, छातीची ताकद नाही. आत श्वासनळ्या अरुंद झाल्यात, इतक्या वर्षांच्या धुळीने आणि धुराने. गेलं ते पूर्ण परत येणार नाही. पण औषध रोज घेतलं आणि धूळ टाळली, तर आहे ते टिकेल, दमही कमी लागेल. आणि त्यांनी पंप लिहून दिला, तोंडात धरून दाबायचा आणि औषध आत ओढायचं.

"पंप म्हणजे शेवटची पायरी," हे म्हणाले. भावजींचं वाक्य, जसंच्या तसं.

"शेवटची नव्हे, पहिली. गोळीपेक्षा कमी औषध लागतं आणि जिथे हवं तिथेच जातं."

"सवय लागेल."

"चष्म्याची लागते तशीच. घातला की दिसतं, काढला की नाही."

मला वाटलं, आता घरी रोज महाभारत. पण आश्चर्य, हे सकाळ-संध्याकाळ न चुकता पंप घेऊ लागले. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. तोंडात धरायचे, दाबायचे, छाती वर यायची. महिने गेले. फरक शून्य. उलट बटणं लावताना आता तीनदा थांबू लागले. भावजी येता-जाता म्हणत, "बोललो होतो ना वहिनी." त्या माणसाला बोललो होतो म्हणायला मिळालं, की जेवण गेलं तरी चालतं.

मी ह्यांना घेऊन तरातरा दवाखान्यात गेले आणि बाईंना म्हटलं, "तुमच्या औषधात पाणी आहे का?"

बाई रागावल्या नाहीत. ह्यांना म्हणाल्या, "माझ्यासमोर घ्या."

ह्यांनी पंप तोंडात धरला, दाबला, छाती वर आली. मग तोंड उघडलं, तर आतून पांढरा धूर भसकन बाहेर. औषध गालांतच होतं. बाईंनी दोन बोटांनी ह्यांचं नाक दाबलं. "आता परत."

ह्यांनी पंप दाबला, पण छाती हलेना. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, तरी ओठ पंपावर गच्च मिटलेले. शेवटी पंप बाजूला केला आणि धापा टाकत बसले.

"अहो, ओढा की आत. त्यात काय एवढं?" माझा आवाज चढला.

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "नळी तोंडात असताना श्वास आत घ्यायचा नाही."

"कुणी सांगितलं?"

"वडिलांनी. भट्टीपुढे उभं केलं, तेव्हा फुंकायला नंतर शिकवलं, आधी हे शिकवलं. श्वास घ्यायचा तो नाकाने. नळीतून आत ओढला तर गरम हवा छाती जाळते. आमच्यातल्या एकाने ओढला होता. मी तिथेच होतो."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही औषध गालांत धरून नाकाने श्वास घेत होता?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाही?"

"काय सांगू? तोंडाला एकदा आत ओढायची सवय लागली, आणि भट्टीपुढे चुकून ओढलं गेलं, तर?"

सवय लागेल, सवय लागेल म्हणून हा माणूस ओरडत होता ती ही सवय. मी वाटभर जुळवून आणलेलं भाषण तोंडातच राहिलं. राग होताच, पण तो कुणावर काढावा ते कळेना. नुसतं रडू आलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून एक प्लास्टिकचा पारदर्शक डबा काढला. एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाला नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मऊ मुखवटा. "यात तोंडात काही धरायचं नाही. तोंड थोडं उघडं ठेवून साधा श्वास घ्यायचा. तुमचा नियम तुम्हाला लखलाभ."

ह्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "हे लहान मुलांचं असतं."

मग मात्र मी सुटले. "लहान मुलं सांगितलेलं ऐकतात तरी. तुम्हाला मुखवट्याची लाज वाटते, आणि नातीचं घर बघितलं नाही त्याची वाटत नाही? लेक काय समजून बसलीय माहीत आहे? तुम्हाला मुलगी झालेली आवडली नाही, असं समजून बसलीय."

ह्यांनी डबा पिशवीत घातला.

त्यानंतर मी कारखान्यातही हात फिरवला. फरशी ओली केल्याशिवाय झाडू लावायचा नाही, वाळू कोरडी कालवायची नाही. भावजी कुरकुरले, "इतकी वर्षं चाललं ना?" मी म्हटलं, चाललं म्हणूनच ओली करायची. दूध मात्र मी बंद केलं नाही. पिऊ देत बापडे, हाडांना बरं असतं.

हळूहळू खोकला उतरला. बटणं लावताना एकदाच थांबणं होऊ लागलं. एका सुट्टीच्या दिवशी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, डबा पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, "चल."

पहिला मजला हळूहळू चढलो. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर हे पायरीवर बसले आणि पिशवीतून तो डबा काढला. माझ्याखेरीज कुणासमोर त्यांनी तो कधी काढला नव्हता. तेवढ्यात वरून एक बाई मुलाला घेऊन उतरत होत्या. त्यांनी मुलाला चटकन भिंतीकडे ओढलं. मी तोंड उघडणार, तर ह्यांनी हात वर केला. श्वास पुरे केले, मुखवटा काढला आणि त्या बाईंना म्हणाले, "कुणाला लागत नाही हो हे. लागलं असतं, तर आधी हिला लागलं असतं."

आवाज ऐकून लेक वरच्या कठड्यावर आली. "बाबा? अहो, थांबा, मी तिला खाली आणते. गुडघा दुखेल तुमचा."

ह्यांनी वर बघितलं. "गुडघ्याला काही झालेलं नाही गं. मला दम लागतो. ती व्हायच्या आधीपासून लागतो. तू थांब तिथेच, मी येतोय."

पण हे लगेच उठले नाहीत. मी पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, आणि लेक वर कठड्याला धरून उभी राहिली.