एकाही उंदराला उलटी झाली नाही

मित्रांनो, मी वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेतला म्हातारा पांढरा उंदीर आहे. मला नाव नाही. शेपटीवर मार्करच्या तीन रेघा आहेत, तेवढीच माझी ओळख.

माझा जन्म इथल्याच पिंजऱ्यात, लाकडाच्या भुशात झाला. मोठा झाल्यावर डॉक्टर चंदन यांनी मला एक सुई टोचली आणि दोन दिवसांत मधुमेही करून टाकले. माणसाला हा आजार जडायला अर्धे आयुष्य जाते! मग रोहणा गावाकडच्या एका मुळीचा काढा महिनाभर रोज नळीने माझ्या घशात ओतला. माझी साखर उतरली. ते खरे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण या शहाण्याने अहवालात ऐटीत लिहिले, ‘काढा सुरक्षित. एकाही उंदराला उलटी झाली नाही.’ वाहवा! सभेत टाळ्याही पडल्या म्हणे.

आमचे पिंजरे धुणाऱ्या मंदाबाई सिंदी मेघेहून येतात. त्यांनाही साखर आहे. काढा पिऊन आम्ही टुणटुणीत आहोत, हे त्या रोज डोळ्यांनी पाहत होत्या. उरलेली मुळी घरी नेऊन त्यांनी काढा उकळला आणि प्यायला. उलट्या थांबेनात. तिसऱ्या दिवशी शुद्ध हरपली, दवाखान्यात सलाईन लागले. मला फार वाईट वाटले. माझ्याच तब्येतीने त्या माउलीला फसवले होते.

पंधरा दिवसांनी त्या भिंत धरत कामावर आल्या. चंदनसर उलट त्यांच्यावरच डाफरले, "तुम्ही दुसरंच काही खाल्लं असेल, मंदाबाई. उंदरांना एकदाही उलटी झाली नाही!"

मंदाबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "सर, बावीस वर्सं झाले, मी पिंजरे धुवून राह्यली. उंदराचं सारं पुसलं. उलटी मात्र कोण्याच उंदराची नाई पुसली. औषध दिलं तरी नाई, नाई दिलं तरी नाई. त्याईले होतच नसन तं?"

अहो, नाहीच होत! उंदराच्या जातीला उलटी करताच येत नाही. एवढी जाड पुस्तके उशाशी घेणाऱ्याला हे ठाऊक नसावे? सरांचे तोंड बघण्यासारखे झाले. ते वाक्य मात्र त्यांनी अजून खोडलेले नाही.

उद्या माझे यकृत काढून तपासणार आहेत. तपासा. त्यातून कुणाचा जीव वाचला तर माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, मला जे जमतच नाही, त्याची साक्ष माझ्याकडून काढू नका. आणि अहवालावर सही ठोकण्याआधी निदान पिंजरा धुणारीला तरी विचारा.