उठवणाऱ्या मावशी

"मावशी, आजोबांना उठवू नका."

मॅनेजर हे बेसिनकडे बघत म्हणाला. मावशी कप विसळत होत्या. त्यांना वाटलं, अजून दोन मिनिटं झोपू द्या म्हणत असेल.

"अहो, गाडी येईलच आता. शेवटचा टप्पा त्याचाच ना?"

"गादीवाले शेठ चालवणार आहेत."

"त्यांनी तर सकाळीच चालवली की!"

"परत चालवायचीय त्यांना. शर्यत संपताना गाडीत तेच हवेत. घरची सगळी मंडळी आलीयत, फोटो काढायचेत."

आजोबा काही म्हातारे नव्हते. चाळिशी उलटली तरी शर्यतीची गाडी चालवतात म्हणून टीममधल्या पोरांनी ते नाव ठेवलं होतं. मावशी त्यांच्याहून चांगल्या दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पण त्याही आजोबाच म्हणत आणि वर अरे-तुरे करत.

मावशींची नेमणूक चहा-जेवणासाठी. पण त्यांचं खरं काम होतं उठवण्याचं. शर्यत दिवस-रात्र चालायची. एक ड्रायव्हर गाडीत, बाकीचे दोघं गॅरेजमागच्या पत्र्याच्या खोलीत झोपलेले. त्यांना वेळेवर उठवायचं, झोप पुरती उतरवायची आणि मगच गाडीकडे सोडायचं. डोळ्यांवर झापड असलेला माणूस त्या वेगात गेला तर परत यायचा नाही. एकाला हाक पुरायची, दुसऱ्याचं पांघरूण ओढावं लागायचं. आजोबांनी तर कधी गजरसुद्धा लावला नव्हता.

मग मंदी आली. आधी मोटार कंपन्यांनी अंग काढून घेतलं, मागोमाग टायरवाले आणि तेलवाले गेले. दिवस-रात्रीची शर्यत आक्रसून सहा तासांची झाली. अर्ध्या गॅरेजांना कुलपं लागली. पुढच्या वर्षी शर्यत होईल, असं छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस उरला नव्हता. गाडीच्या बॉनेटवर शेवटी एका गादी कारखान्याचं नाव लागलं. लोक गाड्या घ्यायचे थांबले तरी झोपायचे थोडेच थांबतात, असं पोरं म्हणायची. कारखान्याच्या मालकाने पैसे दिले आणि बदल्यात स्टिअरिंग मागितलं. भर दिवसाच्या शर्यतीत आता कोणी झोपत नव्हतं. एकटे आजोबा जुन्या सवयीने आपल्या टप्प्याआधी पडायचे.

"मग तुम्ही सांगा ना त्याला तसं," मावशी म्हणाल्या.

"मला नाही जमणार. हेल्मेट घेऊन समोर येऊन उभे राहिले तर सगळ्यांदेखत काय सांगू? झोपलेल्या माणसाला नाही म्हणावं लागत नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी दोनच ड्रायव्हर. तेही गादीवाले टिकले तर. नाहीतर तुम्ही, मी, सगळेच घरी."

म्हणजे आज नाही, तर आजोबा पुन्हा कधीच गाडीत बसणार नव्हते. मावशींना मॅनेजरची विलक्षण चीड आली. मग घर आठवलं. जावयाची नोकरी गेलेली, मुलगी दोन लेकरं घेऊन त्यांच्याकडेच राहायला आलेली. त्यांनी चीड गिळली आणि विसळलेलेच कप पुन्हा विसळायला घेतले.

गाडी आत आली. आरडाओरडा झाला, चाकं बदलल्याचा खडखडाट झाला. मावशींचे पाय आपोआप खोलीकडे वळले, तेव्हा त्यांनी बेसिनची कड घट्ट धरली. गाडी गेली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

बऱ्याच वेळाने त्यांनी खोलीचं दार लोटलं. आजोबा पलंगाच्या कडेला बसले होते. सूटची चेन गळ्यापर्यंत लावलेली, बूट बांधलेले, हातमोजे चढवलेले, हेल्मेट मांडीवर.

"जागा आहेस?"

"केव्हाचा."

"मग गाडी आली ते..."

"ऐकलं की. गेली तेही ऐकलं."

"अरे, मग बाहेर का नाही आलास?"

"तुम्ही आला नाहीत ना," आजोबा म्हणाले. "म्हटलं, काहीतरी बदल झाला असेल. माझी वेळ झाली असती तर मावशी आल्या असत्या."

मॅनेजरवर ढकलून मोकळं होता आलं असतं, पण तेवढं तोंड मावशींना राहिलं नव्हतं.

"झाली होती वेळ. उठवू नको म्हणून सांगितलं मला. आणि मी नाही उठवलं."

आजोबांनी हेल्मेटची काच खाली लोटली.

"पुढच्या वर्षी?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले.

पत्र्यापलीकडून गाडी गेली. "फार लवकर ब्रेक मारतोय," आजोबा सवयीने बोलून गेले. हेल्मेट बाजूला ठेवून ते हातमोजे काढायला लागले. मोजा निघेना. मावशी त्यांच्या शेजारी बसल्या आणि शाळेतून आलेल्या पोराचे काढावेत तसे त्यांनी एकेक बोट ओढत दोन्ही मोजे काढले. आतले हात घामाने चिंब झाले होते. मावशींनी ते आपल्या अ‍ॅप्रनला पुसले, आणि आजोबांनी पुसू दिले.