गोळीवर ढकललेलं रक्त

चंद्रभागाबाईंचा जन्म मेंढरांमागं गेला. शिरड शहापूरला सकाळी कळप सोडण्याआधी त्या लेंड्या बघायच्या. रंग बदललेला दिसला की ते जनावर बाजूला. साठीत त्यांच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी रोज सुरू होती.

२००६च्या उन्हाळ्यात चार पावलांत धाप लागू लागली, तेव्हा मुलगा प्रभू त्यांना हिंगोलीच्या एका खासगी डॉक्टरांकडे घेऊन गेला. अंगात रक्त कमी निघालं. शौचाची तपासणी सांगितली. बाईंनी लाज गिळून डबी भरून दिली. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे, असं निघालं.

"ते त्या गोळीमुळं," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "गोळीवाल्यांची ही तपासणी धरायची नसते." त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या.

दिवाळीनंतर पुन्हा डबी, पुन्हा रक्त, पुन्हा तेच उत्तर. या वेळी बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"धरायचीच न्हाई, तर दोनदा डबी काहून मागितली?"

"आजी, तुम्हाला नाही कळायचं ते."

"मेंढीच्या लेंडीत रक्त दिसलं तर आमी चाऱ्यावर ढकलून गप बसत न्हाई. धरून तपासतो तिला. तुमी माझ्या पोटाला हात तरी लावला का?"

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

बाहेर प्रभू म्हणाला, "माय, शिकलेल्या माणसाशी कशाला भांडतीस?"

"शिकलाय म्हणूनच भांडून राहिले! मला नांदेडला ने."

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी आधी पोट चाचपलं, मग दोन्ही रिपोर्ट वाचले. त्यांचा चेहरा कडक झाला. "गोळीनं रक्त जास्त वाहतं, खरंय. पण ते कुठून तरी येतंय ना? ती जागा बघायलाच हवी होती."

गोळी थांबवून, तिच्या जागी इंजेक्शनं देऊन दुर्बिणीनं आतडं तपासलं. उजवीकडं कॅन्सरची गाठ होती. तेवढं आतडं कापून काढलं, पण रोग शेजारच्या दोन ग्रंथींपर्यंत पोचला होता.

"उन्हाळ्यातच आलो असतो तर?" प्रभूनं विचारलं.

"कदाचित एवढ्यावर गेलं नसतं."

सलाईनमधून औषधं घेण्यात सहा महिने गेले. अंगात त्राण आल्याबरोबर बाई फाईल घेऊन हिंगोलीला गेल्या. डॉक्टरांनी ती चाळली. "असं क्वचितच होतं, आजी."

"क्वचित? ते माझं पोट हाय!"

त्या ताडकन बाहेर आल्या. बाकांवर माणसं दाटीनं बसली होती. "रक्त पातळ करायची गोळी कोण घेतं? डबीत रक्त निघूनबी गोळीवर ढकलून कुणाला घरी धाडलं का?"

कोपऱ्यातल्या ग्यानबा नावाच्या एका आजोबांनी भीतभीत हात वर केला. बाईंनी त्यांना उठवून सरळ आत नेलं. "यांना दुर्बिणीची चिठ्ठी द्या. आत्ता. तवर मी हालत न्हाई."

दार उघडंच होतं, बाहेरचे सगळे बघत होते. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.

ग्यानबांना मूळव्याध निघाली. बाईंना सांगायला ते शिरडला आले आणि म्हणाले, "उगीच भांडलात माझ्यापायी."

"उगीच कसं?" बाई कडाडल्या. "बघितल्यावरच कळलं ना मूळव्याध हाय म्हणून? माझं कुणी बघितलंच न्हाई."