मागच्या बाईची ओळ

सेलूकडच्या त्या घरात महादेवाचा गड चढायची एक रीत होती. त्रिशूळ घेऊन पुढं चालणारीनं ओवीची पहिली ओळ म्हणायची, सगळ्यांच्या मागं असणारीनं दुसरी. सातपुड्याच्या त्या कडेकपारीत एक वळण घेतलं की पुढचं माणूस दिसेनासं होई. मागून ओळ आली म्हणजे सगळे आहेत, कोणी घसरलं नाही. ती येईपर्यंत पुढचीनं पाऊल उचलायचं नाही.

सासू, दोघी सुनांची आत्याबाई, होती तोवर ती पुढं आणि धाकटी सून यशोदा मागं. सासू गेली, त्रिशूळ थोरल्या लीलाबाईच्या हाती आला. पण यशोदा लीलाबाईशी बोलत नव्हती. आत्याबाई सेवाग्रामच्या दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होत्या, तेव्हा लीलाबाईनं तिला नाचणगावाहून बोलावलंच नव्हतं. यशोदा पोचली ती थेट तिरडीपाशी. आजही ती आली होती ती आत्याबाईंच्या नवसासाठी.

पहिल्याच अवघड वळणावर वरून लीलाबाईचा आवाज आला:

"गडावरच्या रे देवा, वाट तुही दगडाची..."

यशोदानं ओठ मिटले. रांग थांबली. एका हाताला तापलेला कातळ, दुसऱ्या हाताला दरी.

"काकू, म्हना ना वं!" लीलाबाईचा धनंजय कड्याला पाठ चिकटवून ओरडला. "तुमच्या भांडनात मी घोरपड होऊन राह्यलो इथं!"

सगळे हसले. यशोदाला हसू आलं नाही. इतके दिवस गळ्यात अडकलेलं एकच वाक्य तिच्यापाशी होतं, आणि आज ते ओवीत बसलं:

"मले काऊन नाई आली, खबर तिच्या मरनाची?"

हसणं विरलं. रीतीप्रमाणं ओळ आली होती, लीलाबाईनं पुढं जायला हरकत नव्हती. पण रांग हलली नाही. मग वरून आवाज आला, फाटका:

"तुह्यासाठी जीव तिचा, अडकला होता बाई,
तू आली त सोडन प्रान, म्हून बोलावलं नाई."

दोन्ही ओळी तिनंच म्हटल्या. मागचीकडून काही मागितलंच नाही.

शेवटी आत्याबाईला आपली सयसुद्धा झाली नाही, हेच यशोदा उराशी धरून होती. आणि तिकडं म्हातारीचे डोळे दाराला लागलेले. उशाशी बसून तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालणारी लीलाबाई ते डोळे बघत होती, ते आपल्याला शोधत नाहीत हे जाणून. राग होता तिथंच होता. फक्त त्याच्या शेजारी आता लीलाबाईही येऊन बसली होती.

वर कुठंतरी एक दगड सुटला, आपटत आपटत दरीत गेला. यशोदानं पदर खोचला आणि ती मोठ्यानं म्हणाली:

"पाय जपून टाका बाई, गोटे हालून राह्यले!"

"काकू, हे कोनती ओवी वं?" धनंजयनं मान वळवली. "यमक कुठं हाये?"

"तू चाल पुढं," यशोदा म्हणाली. "तुही माय थांबून राह्यली."